ईमॅक्समध्ये खूण करून परत येणारी फंक्शन्स: आकडा नको, मार्कर ठेवा

लांबलचक फाइलमध्ये एका ओळीवर खूण करायची, दुसरीकडे जाऊन काम आटोपायचं आणि एक की दाबून तिथेच परत यायचं. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये यासाठी त्याच्या लिस्प भाषेतली दोन छोटी फंक्शन्स पुरतात. पण नेटवर फिरणारे बरेच नमुने पहिल्याच ओळीत घोळ घालतात. 'पॉइंट'कडून मिळालेला कर्सरच्या जागेचा आकडा व्हेरिएबलमध्ये ठेवतात आणि परतताना तो 'गोटू-चार'ला, म्हणजे दिलेल्या जागी कर्सर नेणाऱ्या फंक्शनला, देतात. असं अजिबात करू नका. (फंक्शनची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना रोमन स्पेलिंग वापरा.)

हा आकडा म्हणजे बफरमधलं (ईमॅक्समध्ये उघडलेल्या मजकुरातलं) कितवं कॅरेक्टर, एवढंच. मोजणी १ पासून. वर कुठेही काही वाढलं की तो चुकतो, आणि मराठी मजकुरात किती चुकेल हे नजरेने सांगताही येत नाही. वरच्या शीर्षकात 'शिक्षण' हा शब्द आणि एक स्पेस घातली, तर डोळ्यांना तीन अक्षरं आणि एक मोकळी जागा दिसते. बफरमध्ये मात्र श, वेलांटी, क, हलन्त, ष, ण आणि स्पेस अशी ७ कॅरेक्टर्स वाढतात. खालचा सगळा मजकूर ७ने पुढे सरकतो, तुमचा आकडा जागचा हलत नाही.

म्हणून 'पॉइंट-मार्कर' वापरा. मार्करला आपला बफर माहीत असतो आणि आजूबाजूचा मजकूर हलला की तोही बरोबर हलतो. 'डेफव्हार'ने 'खुणा' नावाची रिकामी यादी करा. खूण करणारं फंक्शन म्हणजे 'इंटरॅक्टिव्ह' (त्यामुळे फंक्शन की दाबून चालवता येतं) आणि त्याखाली 'पॉइंट-मार्कर'चं उत्तर 'पुश'ने यादीत टाकणारी एक ओळ, बस्स. एकच मार्कर व्हेरिएबलमध्ये धरून दर वेळी 'सेट-मार्कर'ने हलवू नका. यादीत तोच ऑब्जेक्ट पुन्हा पुन्हा गेला, तर सगळ्या खुणा शेवटच्या जागेवर जाऊन बसतात.

परतीच्या फंक्शनमध्ये क्रम महत्त्वाचा. 'पॉप'ने मार्कर काढा आणि 'मार्कर-बफर' विचारा. उत्तर 'निल' (म्हणजे काही नाही) आलं तर तो बफर बंद झालेला आहे. ती खूण सोडून पुढची घ्या, यादी संपली तर तसा संदेश द्या. बफर असेल तर 'स्विच-टू-बफर'ने तिथे जा. इथे 'सेट-बफर' चालत नाही, कारण तो कमांड चालू असेपर्यंतच लागू राहतो आणि पडद्यावर जुनाच बफर दिसत राहतो. मग मार्कर 'पॉइंट-मिन' आणि 'पॉइंट-मॅक्स', म्हणजे सध्या खुल्या असलेल्या भागाची सुरुवात आणि शेवट, यांच्या मध्ये आहे का, ते तपासा. बफर नॅरो केलेला (फक्त एका भागापुरता मर्यादित) असेल आणि खूण त्या भागाबाहेर असेल, तर 'गोटू-चार' तुम्हाला गुपचूप काठावर आणून सोडतो. अशा वेळी आधी 'वायडन' करून पूर्ण बफर खुला करा. शेवटी 'गोटू-चार', आणि त्यानंतरच 'सेट-मार्कर'ला 'निल' देऊन मार्कर मोकळा करा. ही शेवटची ओळ गाळू नका. बफरमध्ये मार्कर साचत गेले की प्रत्येक बदलाच्या वेळी ईमॅक्सला ते सगळे तपासावे लागतात.

या कामासाठी 'सेव्ह-एक्स्कर्शन' सुचवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. त्याच्या कंसातलं काम संपलं की तो स्वतःच परत येतो. तुम्हाला मध्ये हाताने काम करायचं आहे, त्यामुळे इथे त्याचा काही उपयोग नाही.

आता खरी अडचण. मला सर्वांत जास्त झगडावं लागलं ते इथेच. मार्कर मजकुराबरोबर हलतो, पण मजकूर पुसला गेला की तो पुसलेल्या भागाच्या तोंडाशी येऊन थांबतो. तुम्ही परिच्छेद कट करून खाली पेस्ट केलात तरी त्यातला मार्कर खाली जात नाही. जिथून परिच्छेद उचलला तिथेच राहतो. त्याहून वाईट म्हणजे फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारा प्रोग्रॅम. बाहेरचा प्रोग्रॅम चालवून बफर पूर्ण पुसणारी आणि आलेलं उत्तर पुन्हा भरणारी स्क्रिप्ट असेल, तर सगळे मार्कर १ वर गोळा होतात. कुठेही एरर येत नाही. परतीची की दाबली की तुम्ही फाइलच्या माथ्यावर.

मार्करचा 'इन्सर्शन-टाइप' बदला, हा सल्ला यावर हमखास मिळतो. त्याने हे सुटत नाही. नेमक्या मार्करच्या जागी मजकूर घातला तर मार्कर त्याच्या आधी राहील की नंतर, एवढंच ते ठरवतं. नेहमीच्या 'निल'मध्ये तो आधी राहतो, 'टी' (म्हणजे होय) दिलं तर पुढे सरकतो. पुसून भरताना 'टी' दिलात तर सगळे मार्कर माथ्याऐवजी तळाला जातील.

फॉरमॅटरची स्क्रिप्ट तुमच्या हातात असेल तर उपाय साधा आहे: उत्तर वेगळ्या तात्पुरत्या बफरमध्ये घ्या आणि 'रिप्लेस-बफर-कंटेंट्स'ने मूळ बफरमध्ये आणा. ईमॅक्स २६.१ पासून हे फंक्शन आहे. ते दोन्ही मजकुरांतला फरक काढून तेवढाच बदल करतं, त्यामुळे न बदललेल्या ओळींवरचे मार्कर जागेवर राहतात. फार मोठ्या आणि खूप बदललेल्या फाइलवर याला वेळ लागतो. तो लागू द्या.

स्क्रिप्ट हातात नसेल तर यादीत नुसता मार्कर ठेवू नका. त्याच्यासोबत त्या ओळीचा मजकूर आणि ओळीचा क्रमांकही ठेवा. परतल्यावर मार्करच्या ओळीचा मजकूर जुळला नाही, तर तो बफरभर शोधा. मजकूर ठेवताना दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा छाटायलाच हव्यात, कारण फॉरमॅटर पहिला हात इंडेंटेशनवरच टाकतो. नुसता बंद कंस असलेल्या ओळी फाइलमध्ये ढिगाने असतात. अनेक ठिकाणी मजकूर जुळला तर जुन्या क्रमांकाच्या सर्वांत जवळची ओळ घ्या. पहिली सापडलेली नव्हे.

चाचणी घेतल्याशिवाय हे रोजच्या कामात आणू नका. मधल्या ओळीवर खूण करा, वर चार ओळी घाला, फॉरमॅटर चालवा आणि परत या. मग नॅरो करून, आणि शेवटी खूण असलेला बफर बंद करूनही पाहा.

की देताना एफ५ ते एफ९ मधल्या घ्या. त्या वापरणाऱ्यांसाठीच राखलेल्या आहेत.

ईमॅक्स बंद केल्यावरही खूण टिकायला हवी असेल, तर मात्र स्वतः काही लिहू नका. मार्कर फाइलमध्ये साठवताच येत नाही. त्यासाठी 'बुकमार्क-सेट' आहे: कंट्रोल-एक्स, आर, एम. बुकमार्क जागेच्या मागचा-पुढचा थोडा मजकूर जपून ठेवतो, एरवी दोन्ही बाजूंची १६-१६ कॅरेक्टर्स, आणि फाइल मधल्या काळात बदलली असली तर त्यावरून जागा शोधतो. परत जायला कंट्रोल-एक्स, आर, बी.