मृगाच्या आधी गल्लीतल्या झाडांची तयारी

"झाड रोगट झाले आहे, तरी योग्य ती कार्यवाही करावी" हे वाक्य महापालिकेला द्यायच्या अर्जात लिहू नका. यादीतलं पहिलं काम हेच, आणि ते न करण्याचं काम आहे. मी एकदा ते लिहून दिलं होतं. कोपऱ्यावरच्या गुलमोहराच्या सालीतून डिंकासारखं काहीतरी गळत होतं, कुणीतरी येऊन औषध मारेल अशी आपली भाबडी समजूत. काही दिवसांनी बुंध्यावर एक कागद चिकटलेला दिसला. त्या झाडावर नेहमीच शिकवणी वर्गांच्या जाहिराती लागायच्या, म्हणून कुणी वाचला नाही. ती नोटीस होती. पुढे कार्यवाही झाली आणि ती नियमाप्रमाणे योग्यच झाली. गुलमोहर गेला.

कायदा मी वाचला तो त्यानंतर. शहरातल्या झाडांना 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी याच कायद्यातून आलेले. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण झाड मेलेलं, रोगट किंवा वाऱ्याने पडलेलं असेल, जीविताला वा मालमत्तेला त्याचा धोका असेल किंवा वाहतुकीला अडथळा होत असेल, तर परवानगी नाकारू नये, असंही तोच कायदा सांगतो. म्हणजे 'रोगट' हा शब्द त्या टेबलावर दवाखान्याचा नाही, कुऱ्हाडीचा आहे. झाड वाचवायला निघालेला माणूस झाड तोडायचं कारण स्वतःच्या सहीने देऊन येतो.

तेव्हा अर्जात काय दिसतं आणि काय हवं, एवढंच लिहा. "घर क्रमांक अमुकसमोरचा कडुनिंब, पश्चिमेकडच्या तीन फांद्या मागच्या श्रावणापासून शेंड्याकडून वाळत आहेत, पाहणी करून वाळलेल्या फांद्यांची छाटणी आणि बुंध्याभोवतीचं सिमेंट काढून मिळावं." 'उपचारासाठी पाहणी' हे शब्द विषयाच्या ओळीतच येऊ द्या. अर्ज आपल्या झोन ऑफिसला द्या. नागपुरात झोन दहा आहेत, आणि रस्त्याची एक बाजू एका झोनमध्ये, दुसरी दुसऱ्यात असंही होतं, म्हणून आधी विचारून घ्या. पोच घ्या, आवक क्रमांक घ्या. तो नसेल तर तुमचा अर्ज म्हणजे शुभेच्छापत्र. छाटणीसाठी परस्पर कुऱ्हाडवाला बोलावू नका. झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा कायद्याच्या व्याख्येत तोडण्यातच मोडतं.

अर्जाआधी फेरी मारायची. आपल्याकडे तिची वेळ एप्रिलचा दुसरा पंधरवडा. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो आणि पाडव्याच्या आगेमागे तांबूस पालवी घेतो. एप्रिल सरताना जी फांदी अजून बोडकी आहे, ती झोपलेली नाही, गेलेली आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागल्यावर फेरी मारू म्हणाल तर माणसंच येणार नाहीत. 2013 च्या मे महिन्यात या शहराने 47.9 अंश पाहिलेत. सकाळी सहाला निघा, आठला घरी या.

सोबत शाळेची वही, मोजपट्टी, खडू, बोथट स्क्रू-ड्रायव्हर आणि एक लाकडी हातोडी घ्या. प्रत्येक झाडाला एक पान द्या. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर मोजा. फोटो चारही बाजूंनी काढा आणि एक अगदी बुंध्याचा, शेजारी पट्टी ठेवून. हे फोटो गेरू-चुना लागायच्या आत काढा. कुणी पाहुणे यायचे असले की रस्त्याकडेच्या खोडांवर लाल-पांढरे पट्टे चढतात. दिसतात छान, पण भेगा, डिंक आणि बुरशी सगळं त्याखाली झाकून जातं.

बुंध्यापाशी वाका, कारण वाईट बातमी वर नसून तिथे असते. जमिनीलगत खोडातून आडवी, लाकडासारखी कडक, वरून तपकिरी चकचकीत आणि कडेला पांढुरकी अशी कपची बाहेर आलेली दिसली, तर ती गॅनोडर्मा नावाची बुरशी असण्याची दाट शक्यता. गुलमोहर आणि पेल्टोफोरम, म्हणजे आपला पिवळा मोहर, यांच्यावर ती फार. कपची हे तिचं फळ. खरी बुरशी आत मुळांचं आणि बुंध्याचं लाकूड कुजवत असते, आणि वर झाड हिरवंगार असतं. मुलांनी कपची तोडून नेली म्हणजे रोग गेला असं नव्हे. फोटो काढेपर्यंत ती तोडू देऊ नका, पुरावा तोच आहे. हातोडीने खोड हलकं ठोकत गोल फिरा. भरीव लाकूड ठणकतं, पोकळ लाकूड ढबढबतं. जिथे ढबढबेल तिथे खडूने खूण करा. स्क्रू-ड्रायव्हर फक्त मऊ लागलेल्या जागी टोचा, जिवंत सालीत नाही. अशा झाडाला औषध नाही, हे मान्य करून टाका. त्याच्या बाबतीत प्रश्न एवढाच की वादळात ते कुठल्या बाजूला पडेल आणि ओझं कमी करून त्याला अजून काही वर्षं सुरक्षित उभं ठेवता येईल का. हे झाड वहीत लाल पेनाने लिहा. याच्याखाली गाडी लावणं आजपासून बंद. इथे 'धोका' हा शब्द अर्जात जरूर वापरा. झाडाच्या प्रेमापायी शेजाऱ्याचा जीव टांगणीला लावायचा नसतो.

कडुनिंबाचं तसं नाही. त्याचे शेंडे पावसाळ्यात वाळायला लागतात, दिवाळीपर्यंत अख्खं झाड भाजल्यासारखं दिसतं, आणि लोक घाबरतात. हा शेंडेमर फोमॉप्सिस नावाच्या बुरशीचा. टी मॉस्किटो बग हा कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारा ढेकूण त्यात भर घालतो. शेजारच्या तेलंगणात 2021 साली गावंच्या गावं कडुनिंब असे तपकिरी झाले होते, आणि त्यातले पुष्कळ पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फुटले. म्हणून वाळलेला कडुनिंब दिसला की मेला असं लिहू नका. नखाने बारीक फांदी खरवडा. आत हिरवं असेल तर एक उन्हाळा थांबा. रोगट झाडाच्या निंबोळ्या रोपांसाठी मात्र वेचू नका, बुरशी बियांतून जाते.

आणि जे रोग नाहीत त्यांच्यासाठी साहेबांना बोलावू नका. सप्तपर्णीच्या पानांवरच्या गाठी एका बारीक किड्याच्या असतात, करंजाच्या पानांवरचे फोड कोळीवर्गातल्या जिवांचे. झाडाचं त्याने काही बिघडत नाही. गुलमोहर एप्रिलमध्ये बिनपानांचा असणं हा त्याचा स्वभाव आहे. गाडीवर चिकट थेंब पडतात, पानांवर काजळी धरते आणि खोडावर मुंग्यांची रांग लागते, तेव्हा वर पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, आहे का ते पाहा. मुंबईत याच किडीने मोठमोठे पर्जन्यवृक्ष वाळवले, त्यामुळे सिव्हिल लाइन्ससारख्या जुन्या झाडांच्या भागात याकडे दुर्लक्ष नको.

आता गट्टू, म्हणजे फुटपाथवर बसवतात ते सिमेंटचे ठोकळे. खरं तर यादी इथूनच सुरू व्हायला हवी होती. गेल्या काही वर्षांत नागपूरभर सिमेंटचे रस्ते झाले, आणि रस्त्याच्या कडेपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत उरलेल्या पट्टीत गट्टू बसले. ते बुंध्याला घट्ट भिडवून बसवतात. आपल्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. मुळांना श्वास घ्यायला आणि पाणी प्यायला तेवढ्या भेगाच असतात, त्याही बंद. शिवाय नळाची नाही तर केबलची नाली खणताना एका बाजूची मुळं कापली जातात. कापलेल्या मुळातून बुरशी आत शिरते, आणि तीन-चार वर्षांनी झाड आडवं झालं की सगळे वाऱ्याला शिव्या देतात. दिल्लीतल्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या अर्जात हाच आकडा मागा, "बुंध्यापासून सर्व बाजूंनी एक मीटर". काम सब्बल (पहार) आणि फावड्याने करायचं, जेसीबीने नाही. यंत्राचा दात सालीला लागला की उपचारातूनच नवा रोग. गट्टू निघाल्यावर माती भुसभुशीत करून उथळ आळं करा आणि पालापाचोळा पसरा, पण खोडाला टेकवून ढीग लावू नका. हे काम मृगाचा पहिला पाऊस यायच्या आत व्हायला हवं, म्हणजे ते पाणी मुळांपर्यंत पोचेल. अर्जातल्या सगळ्या मागण्यांपैकी एकच मिळणार असेल, तर ही घ्या. फवारणी सोडून द्या.

सालीच्या जखमांसाठी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, तयार ठेवा. याचं शिक्षण मला काटोलच्या मामांकडून मिळालं. संत्र्याच्या डिंक्या रोगावर ते वर्षानुवर्षं पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर झाडांची खोडं निळी करत आलेत. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग तिसऱ्या बादलीत एकदम ओतायचे आणि ढवळत राहायचं. बादल्या प्लास्टिकच्या घ्या, मोरचूद लोखंड खातं. झाल्यावर घासलेलं लोखंडी पातं क्षणभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी निवळी घाला. "तांबडं दिसलं का थांब जा बाप्पा, झाडाले चटका बसते," हे मामांचं वाक्य. त्याच दिवशी वापरा, उरलेलं दुसऱ्या दिवशी निकामी. जुन्या खिळ्याच्या जागा, गाडीने घासलेली साल, छाटलेल्या फांदीचं तोंड आणि जमिनीपासून दोन-तीन फूट खोड, इथे ब्रशने लावा. झाड महापालिकेचं असेल तर आधी सांगून. आत कुजलेल्या लाकडावर तिचा उपयोग शून्य. मामांना मी गॅनोडर्माचा फोटो पाठवला तेव्हा त्यांनी फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं.

खिळे आणि पाट्या काढायला पक्कड लागेल. लग्नातल्या रोषणाईच्या तारा खोडात रुतलेल्या असतात, त्या कापून काढा. साल खाणारी अळी असेल तर फांदीच्या बेचक्यात भुशाची जाळी दिसते. जाळी झाडून तारेने भोक साफ करायचं. खाली पाला जाळणाऱ्यांशी गोड बोलून ठेवा. मार्चमध्ये कडुनिंबाचा पाला बुंध्याशीच पेटवतात, आणि एका बाजूची साल कायमची मरते.

पाहणीच्या दिवशी दोनच माणसं बोलतील असं आदल्या रात्री ठरवा. आमच्याकडे अकरा जण बोलले होते, त्यातले चार पार्किंगबद्दल. झाडाखालच्या गाड्या हलवा, वही आणि फोटोंच्या छापील प्रती हातात द्या, उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी विचारा. झाडाचं वय सांगता आलं पाहिजे. झाडांच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवीन झाडं लावावी लागतात. म्हणून गल्लीतल्या सर्वांत जुन्या आजींकडून घराच्या वास्तुशांतीचा फोटो मागून आणा. मागे झाड दिसत असेल तर त्याहून चांगला दाखला नाही. "पाहून घेऊ" असं उत्तर आलं तर कधी पाहणार ते विचारून वहीत तारीख टाका. बुंध्यावर नोटीस लागली तर या वेळी वाचा. हरकत घेता येते, आणि ती लेखी घ्यावी लागते.

छाटणीची माणसं आली की खाली उभे राहा. मोठी फांदी आधी थोडी लांबून खालच्या अंगाने अर्धवट कापायची, मग वरून, आणि शेवटी उरलेला खुंट. नाहीतर फांदी पडताना साल खोडापर्यंत सोलत नेते. शेवटचा काप खोडाशी सपाट नको. फांदीच्या मुळाशी जी फुगीर कडी असते तिच्या बाहेरून घ्या, जखम भरते ती तिथूनच. ढोलीत सिमेंट भरायला कुणी निघालं तर थांबवा, पाणी आत अडून कूज वाढते. कापलेलं रोगट लाकूड दुसऱ्या झाडाच्या बुंध्याशी रचून ठेवू नका, त्याच दिवशी उचलायला लावा.

झाड वाचलंच नाही, तर खुंट तसाच ठेवून शेजारी पुन्हा गुलमोहर लावायचा नाही. बुरशी जुन्या मुळांत बसून असते. खुंट आणि जाड मुळं खणून काढा, माती बदला, खड्डा उन्हात तापू द्या आणि वेगळ्या जातीचं झाड लावा. आमच्या कोपऱ्यावरचा खड्डा दोन उन्हाळे तापलाय. येत्या आषाढात तिथे अर्जुन लावायचा ठरलंय, आळ्यासाठी एक मीटर मोजून ठेवलंय.

दुसरी फेरी दिवाळीनंतर. तेव्हा वहीत पहिलं नाव बांडगुळाचं: फळं पिकून पाखरांनी ती इकडेतिकडे चिकटवण्याआधी यजमान फांदीसकट कापायला लागतं, आणि त्याचाही अर्ज लागतो.