बंड्याचं ऊन

बंड्या घरी आला तेव्हा काडेपेटीएवढा होता. हरमान जातीचं, म्हणजे मूळचं भूमध्य समुद्राकाठचं, जमिनीवर राहणारं कासव. आणि आम्ही राहतो लीड्सला, जिथे डिसेंबरात पावणेचारला दिवस मावळतो. तिकडचं ऊन इकडे विजेवर उभं करायचं, पिल्लू सांभाळण्यातली खरी मेख हीच.

(भारतातून वाचणाऱ्यांनो, आपल्याकडचं चांदणी कासव १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. ते घरी पाळणं गुन्हा आहे, कोणी कितीही गोड बोलून विकलं तरी. आम्हीसुद्धा इथे आर्टिकल १०चं, म्हणजे कासवाची विक्री कायदेशीर असल्याचं प्रमाणपत्र बघूनच बंड्याला आणलं.)

पहिल्या आठवड्यात तो डोळे मिटून कोपऱ्यात माती उकरत बसायचा. सिंहपर्णीचं (डँडेलायनचं) कोवळं पान नाकाशी धरलं तरी तोंड उघडेना. तो राहतो त्या पेटीच्या भिंतीवर चिकटवलेला थर्मामीटर तर ३२ दाखवत होता! मग पिस्तुलासारखा, लांबून नेम धरायचा थर्मामीटर आणून उबेच्या दिव्याखालच्या फरशीवर धरला. २५. भिंतीवरचा चिकटवला होता दिव्याच्या उंचीवर, आणि पोरगं होतं खाली जमिनीवर. तेव्हापासून मोजायचं ते पाठीच्या उंचीवर.

दिव्याखाली ३२ ते ३५ अंश हवेत आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला २०-२२, म्हणजे तापलं की त्याला सरकायला जागा राहते. आकडा जमेना तर दिवा दोन-दोन सेंटीमीटर वर-खाली करा, तासभर थांबा, परत मोजा. दिवा पसरट झोताचा घ्या. बारीक झोताने पाठीचा मधलाच भाग भाजून कोरडा पडतो. दिवा साखळीने टांगा, नुसत्या चिमट्याच्या भरवशावर ठेवू नका. खाली वाळकं गवत असतं. खालून तापणारी चटई नकोच. उकडलं की कासव जमिनीत शिरतं, आणि तिथेच जमीन तापलेली असली तर त्याने जायचं कुठे? रात्री सगळं बंद. खोली १५-१६च्या खाली जात नसेल तर लाल-निळे दिवेही लागत नाहीत.

आता दुसरा दिवा. आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "खिडकीत ठेव की गं, फुकटचं ऊन आहे." आई, काचेतून ऊब येते, पण यूव्हीबी (उन्हातला अतिनील किरणांचा एक भाग) येत नाही. ते नाही तर ड जीवनसत्त्व नाही, आणि मग कितीही कॅल्शियम घाला, अंगी लागत नाही. कवच मऊ पडतं, पाय वाकतात. मी टी-फाइव्हची (बारीक ट्यूबलाइटसारखी), १२ टक्के यूव्हीबीवाली लांब नळी लावली आहे, पाठीपासून ३५ सेंटीमीटरवर. अंतर प्रत्येक नळीचं वेगळं असतं, खोक्यावरचा तक्ता बघा. ती उबेच्या दिव्याशेजारीच हवी, मध्ये काच किंवा प्लास्टिक नको. वर्षभराने नळी उजेड देत राहते पण यूव्हीबी घटलेलं असतं, म्हणून लावल्याची तारीख मी मार्करने तिच्यावरच लिहिते. दोन्ही दिवे टायमरवर, बारा तास.

दिव्यांनी हवा सुकते, आणि सुक्या हवेत वाढणाऱ्या पिल्लाच्या पाठीला टेंगळं येतात. म्हणून पेटीच्या कोपऱ्यांतून मातीत पाणी सोडायचं, तळ ओलसर राहतो. शिवाय रोज पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं, पाणी हनुवटीच्या वर नको. आमच्याकडे त्यासाठी श्रीखंडाचा रिकामा डबा आहे. कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे कटलफिश या सागरी जिवाच्या आतलं कवच, ठेवते. ते ऐकून आई म्हणाली, "अगं, हा तर काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो!"

सकाळी सातला दिवे लागले की बंड्या मातीतून डोकं काढतो, फरशीवर येऊन मागचे पाय लांब पसरतो आणि मान टाकतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मेला की काय वाटलं होतं. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चरायला गेला तर तापमान बरोबर. दिवसभर तिथेच चिकटून राहिला तर ऊब कमी पडते आहे. दिव्याकडे फिरकलाच नाही, तर थर्मामीटर घेऊन यायचं.