चेंडू सुटल्यानंतरचे ५ सेकंद : हॉकी खेळणाऱ्या मुलींच्या मनाचा सराव

साधा सरळ पास येतो, बचावपटूच्या स्टिकखालून निसटतो आणि समोरची फॉरवर्ड (आक्रमक खेळाडू) तो घेऊन डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, शिरते. गोल होतो की वाचतो हे पुढचं. माझं लक्ष त्या बचावपटूच्या खांद्यांकडे असतं. खांदे पडले, नजर कोचकडे वळली, की पुढचा चेंडूही तिच्याकडून जाणार हे बहुतेक वेळा आधीच दिसतं.

अशा वेळी बाहेरून "टेन्शन घेऊ नकोस" ओरडून काही होत नाही. काय करू नये ते तिला कळतं, काय करावं ते कळत नाही. ते ट्रॅपिंगसारखंच (स्टिकने चेंडू अडवण्यासारखंच) शिकवावं लागतं: मैदानावर, स्टिक हातात असताना, आठवड्यातून दोनतीनदा दहा-दहा मिनिटं. १२ ते १६ वर्षांच्या मुलींच्या संघाला पुढच्या क्रमाने शिकवता येईल.

१. प्रत्येकीचा क्षण शोधा

"सामन्यात माझं लक्ष कधी उडतं?" याचं उत्तर प्रत्येकीला वहीत लिहू द्या. एकीला पंचांचा निर्णय खुपतो, दुसरीला मैत्रिणीचा चढलेला आवाज, तिसरीचे पाय बाकावरून अचानक आत जाताना जड होतात. हे सगळ्यांसमोर वाचून घेऊ नका.

२. सावरण्याची साखळी बसवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. साखळीत चार गोष्टी, याच क्रमाने: शरीराची एक छोटी कृती (स्टिकचं टोक एकदा टर्फवर टेकवणं), तोंडाने सोडलेला एक लांब श्वास, एक शब्द आणि लगेच करायचं एक काम. शब्द मुलीने स्वतः निवडावा. "मागे", "पाय", "पुढचा" असे शब्द चालतात, कारण त्यातून काहीतरी करायला सुचतं. "शांत" हा शब्द मात्र फसवतो, घाबरलेल्या मुलीला नेमकं तेच जमत नसतं. खरा जोर चौथ्या गोष्टीत आहे. "सगळ्यात जवळच्या प्रतिस्पर्ध्याला गाठ" एवढं काम डोळ्यांसमोर असलं की मागच्या चुकीकडे बघायला जागाच उरत नाही.

टेनिसपटूला दोन गुणांमध्ये उसंत मिळते, हॉकीत खेळ चालूच असतो. त्यामुळे ही साखळी धावता धावता पूर्ण व्हायला हवी. त्यासाठी तीन विरुद्ध तीन असा ४ मिनिटांचा खेळ लावा आणि मुद्दाम उसळते, अवघड पास द्या. चूक झाली तरी शिट्टी वाजवू नका. ५ सेकंदांच्या आत मुलगी आपल्या कामाला लागली का, एवढंच मोजा. गोल मोजूच नका. पहिल्या आठवड्यात मुली हसतील, हसू द्या.

याच सरावात "सॉरी" बंद करा. मुली मैदानावर फार वेळा सॉरी म्हणतात, आणि ते म्हणेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. चूक झाली की सर्वांत जवळच्या खेळाडूने "डावीकडे!" किंवा "मी आहे!" अशी कामाची हाक द्यायची. मैत्रीण आपल्यावर चिडलेली नाही, हे तिला त्या हाकेतूनच कळतं. या वयात ते कळणं फार गरजेचं असतं.

३. थांबा मिळतो तिथे तो वापरा

पेनल्टी कॉर्नरला (बचाव करणाऱ्या संघाच्या नियमभंगामुळे मिळणाऱ्या संधीत) चेंडू आत ढकलणारी गोलपोस्टपासून किमान १० मीटरवर उभी असते. तिचा क्रम ठरलेला हवा: पकड, स्टॉपरच्या (तो चेंडू डीबाहेर थांबवणाऱ्या मैत्रिणीच्या) स्टिककडे नजर, श्वास बाहेर, पुश. स्कोअर काहीही असो, क्रम बदलायचा नाही. बचाव करणाऱ्या चौघींनी आणि गोलकीपरनेही आपापलं पहिलं पाऊल मनात ठरवूनच उभं राहायचं.

ग्रीन कार्ड मिळालं की २ मिनिटं बाहेर. पहिला अर्धा मिनिट राग येऊ दे. मग पाणी प्यायचं, मैदानावर मोकळी जागा कुठे पडते ते बघायचं आणि आत गेल्यावरचं पहिलं काम ठरवायचं.

४. शूटआउट दमलेल्या पायांनी

बरोबरीत सुटलेल्या सामन्याचा निकाल लावायला एकेक खेळाडू एकट्या गोलकीपरसमोर चेंडू घेऊन जाते, तो शूटआउट: २३ मीटरच्या रेषेपासून सुरुवात आणि हातात ८ सेकंद. याचा सराव सत्राच्या शेवटी, एकेकीने, सगळ्या बघत असताना करा. पहिली चाल शिट्टीआधीच ठरलेली हवी. गोलकीपरची तयारीही आधीच सुरू होते. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांचा अंतिम सामना ३-३ असा सुटला, तेव्हा ब्रिटनच्या मॅडी हिंचने शूटआउटमध्ये नेदरलँड्सला एकही गोल करू दिला नाही. प्रतिस्पर्धी खेळाडूंविषयीची टिपणं तिने वहीत लिहून ठेवली होती. तुमच्या गोलकीपरलाही वही द्या.

५. मोठ्यांनी स्वतःकडे बघावं

या वयात शरीर बदलत असतं. पाळीच्या दिवसांत गणवेशाला डाग पडेल का, जवळ स्वच्छतागृह आहे का, हे विचार डोक्यात असताना कसलं लक्ष लागणार? त्यावर संकोच न करता आधीच बोला आणि सोय करा. वजनावर शेरा कधीच नको. चूक दाखवायची तर बाजूला घेऊन, आणि कौतुक नेमकं: "छान" नव्हे, तर "चेंडू गेल्यावर लगेच मागे धावलीस". सामन्यानंतर पालकांनी खेळाचा विषय स्वतःहून काढू नये, मुलगी काढेल.

झोप उडणं, जेवण टाळणं, सरावाच्या आधी रोज पोट दुखणं असं आठवडाभराहून जास्त दिसलं, तर या सरावावर विसंबू नका. पालकांना विश्वासात घेऊन तिला डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, आणि तोवर संघातली तिची जागा तिचीच आहे हे तिला स्पष्ट सांगा.