दिवसाला पन्नास कोंबड्या: गावातच ड्रेसिंग केंद्र कसं उभारायचं

गावरान किंवा सुधारित गावरान कोंबड्या पाळणाऱ्याचा माल तयार झाला की तो टेम्पोवाल्या व्यापाऱ्याची वाट बघत बसतो. गिरिराज, वनराज, कावेरी यांसारखे पक्षी ऐंशी-नव्वद दिवसांत सव्वा ते दीड किलोचे होतात. त्यानंतर पोटात जाणाऱ्या खाद्याच्या मानाने वजन चढत नाही. हे व्यापाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणून तो चार दिवस उशिरा येतो आणि भाव पाडून मागतो. करारावर ब्रॉयलर वाढवणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे पक्षी कंपनीचे असतात आणि ते कधी आणि कुठे कापायचे हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. गावरान पक्षी मात्र पिल्लापासून शेतकऱ्याचाच असतो. गावात तो नीट कापून, साफ करून, थंड करण्याची सोय नसल्यामुळे त्यावरचा हक्क शेवटच्या दिवशी सुटतो. ही सोय, म्हणजेच ड्रेसिंग केंद्र, नऊ-दहा शेतकऱ्यांचा गट किंवा एखादा बचत गट उभी करू शकतो.

सुरुवात कागदांपासून करा. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांत दिवसाला ५० पर्यंत पक्षी कापणारा व्यवसाय ‘लहान’ धरलेला आहे. त्याला फक्त नोंदणी लागते. ५१ व्या पक्ष्यापासून राज्य परवाना लागतो आणि त्याच्या अटी व खर्च गावातल्या गटाला झेपणारे नसतात. नोंदणीचा अर्ज ‘फॉसकॉस’ या अन्न नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर नमुना ‘अ’ मध्ये भरायचा असतो. सोबत फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा जोडा. ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र आणि पाण्याचा तपासणी अहवाल आधीच हाताशी ठेवा, म्हणजे पाहणीला कोणी आलं तर धावपळ होत नाही. नियमाप्रमाणे सात दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा पाहणीची नोटीस काढायची असते. इथे नेहमी होणारी गफलत म्हणजे क्षमता फुगवून लिहिणं. ५० पक्ष्यांची मर्यादा एका जागेची आहे. पाच सदस्यांनी पाच नोंदण्या काढून एकाच शेडमध्ये अडीचशे पक्षी कापणं तिच्यात बसत नाही.

शेळ्या-बोकडांसाठी हीच मर्यादा दिवसाला १० आहे. पण एकाच शेडमध्ये दोन्ही सुरू करू नका. बोकडाला कापण्याआधी पशुवैद्यकाची तपासणी, टांगायची सोय आणि जास्त थंडावा लागतो. शिवाय नगरपालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर तो कापता येत नाही. कोंबडीवर एक वर्ष काढा, मग त्याचा विचार करा.

जागा निवडताना आधी वीज बघा. शेतीच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) थ्री-फेज वीज ठरावीक तासच असते, तीही बरेचदा रात्री, आणि शेतीपंपाच्या जोडणीवर व्यवसाय चालवता येत नाही. म्हणून केंद्र गावठाणाच्या फीडरवर, सिंगल-फेज व्यावसायिक जोडणी घेऊनच करा. पिसं काढायच्या ड्रमची दीड-दोन एचपीची मोटर सिंगल-फेजवर चालते.

दहा बाय वीस फुटांची खोली पुरते, पण तिचे दोन भाग हवेत. पहिल्यात कापणं, गरम पाण्यात बुडवणं आणि पिसं काढणं. दुसऱ्यात पोट साफ करणं, धुणं, बर्फ आणि वजन. मधल्या भिंतीत एक खिडकी ठेवा आणि पक्षी तिच्यातूनच पुढे सरकवा. माणसानं मधेच पलीकडे जायचं नाही, जायचंच असेल तर गमबूट आणि हात धुऊन. जिवंत पक्ष्यांचे क्रेट बाहेर सावलीत असावेत. खाली गुळगुळीत फरशी नको, खरखरीत कोबा करा, कारण रक्त आणि चरबीवर पाय सटकतो आणि हातात सुरी असते. दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार द्या. भिंतीला पाच फुटांपर्यंत टाइल्स, खिडक्यांना जाळी आणि नाल्याच्या तोंडाशी पिसं अडवणारी काढता येणारी जाळी लावा. ही शेवटची जाळी विसरली की महिन्याभरात नाला तुंबतो.

पाणी पक्ष्यामागे १०-१५ लिटर धरा. त्यात धुलाई आली. पन्नास पक्ष्यांना ७५० लिटरपर्यंत लागतं, म्हणून हजार लिटरची टाकी ठेवा. हजार लिटरला ८ ग्रॅम ब्लीचिंग पावडर (२५ टक्के क्लोरीनची) घालून अर्धा तास थांबा. उघड्या पिशवीतली पावडर काही आठवड्यांत निकामी होते, त्यामुळे लहान पाकिटं घ्या.

कापण्याच्या आदल्या रात्री

दाणा ८ ते १२ तास आधी बंद करायचा आणि पाणी शेवटपर्यंत चालू ठेवायचं. आठ तासांहून कमी उपाशी ठेवलं तर दाण्याची पिशवी आणि आतडी भरलेली राहतात, सुरीचा जरासा धक्का लागला की फुटतात आणि सगळं मटण विष्ठेनं माखतं. बारा-चौदा तासांच्या पुढे गेलं तर आतडी पातळ पडतात, पित्ताची पिशवी फुगते आणि तीही फुटते. सकाळी सहाला काम सुरू करायचं असेल तर संध्याकाळी सात-आठला खाद्याची भांडी उचला. घरच्या बाईमाणसानं रात्री सवयीनं दाणे टाकले तर दुसऱ्या दिवशी तुमच्या टेबलावर कळतं, म्हणून पक्षी आदल्या संध्याकाळीच वेगळ्या क्रेटमध्ये भरलेले बरे.

क्रेट उतरवताना प्रत्येक पक्षी बघा. मान टाकलेला, तुरा निळा पडलेला, नाकातून पाणी येणारा, हिरवट जुलाब करणारा पक्षी परत पाठवायचा. एकाच घरचे बरेच पक्षी अचानक मेले असतील तर त्या घरचा माल घेऊ नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू निघाला तेव्हा अख्ख्या तालुक्याचा कुक्कुट व्यवसाय बसला होता. प्रतिजैविक दिलेली बॅच असेल तर औषधाच्या डब्यावर लिहिलेले थांबायचे दिवस संपल्याशिवाय कापू नका.

सुरी, गरम पाणी, ड्रम

पक्षी उलटा पत्र्याच्या शंकूत घाला. मोकळा सोडला तर तो पंख आपटतो, हाड मोडतं आणि मांसात रक्त साकळतं. जबड्याच्या लगेच खाली दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एका घावात कापा, मुंडी वेगळी करू नका. रक्त दीड ते दोन मिनिटं निथळू द्या. घाई केली तर पंखांची टोकं आणि मानेची कातडी लाल राहते, आणि असं मटण लवकर वास मारतं. उलट चार-पाच मिनिटं लोंबकळत ठेवलं तर पिसं घट्ट बसतात.

गरम पाण्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका होतात. हात बुडवून अंदाज घेऊ नका, शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर घ्या. गावरान पक्ष्याला ५८ ते ६० अंशांचं पाणी आणि ६० ते ९० सेकंद लागतात. ६० लिटरच्या भांड्यात एका वेळी चारच पक्षी घाला, जास्त घातले की तापमान झपकन उतरतं. पक्षी वरखाली हलवत राहा, नाहीतर पिसांच्या बुडाशी गरम पाणी पोचत नाही. शेपटीचं एक मोठं पीस ओढून बघा. सहज निघालं की बाहेर काढा. ६३-६४ अंशांवर फार वेळ राहिलेल्या पक्ष्याची कातडी ड्रममध्ये फाटते आणि छातीचं मांस वरवर शिजल्यासारखं पांढरं पडतं. ड्रममध्ये तीन-चार पक्षी, वरून पाण्याची धार, २० ते ३० सेकंद. पंख मोडत असतील तर वेळ कमी करा. पिसं राहत असतील तर दोष बहुधा ड्रमचा नसून पाण्याच्या तापमानाचा असतो.

बारीक केसांसाठी गॅसच्या ज्योतीवर फिरवून घ्या. गावरान घेणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा कातडीसकट आणि भाजलेली कोंबडी मागतं, हळद लावून दिली तर खूशच.

पोट साफ करताना आधी मानेजवळची दाण्याची पिशवी मोकळी करा, मग गुदद्वाराभोवती गोल काप घ्या. सुरीचं टोक वरच्या दिशेला ठेवा. हात आत घालून सगळं एकाच ओढीत बाहेर काढा. कलेजीवरची पित्ताची पिशवी थोड्या कलेजीसकट कापून टाका. ती वाचवायला गेलात तर हिरवं पित्त सांडतं आणि कडवटपणा धुतला तरी जात नाही. पेटा (दाणा दळणारी जाड पिशवी) चिरून आतलं पिवळं अस्तर सोला. कलेजीवर पांढरे ठिपके, पोटात पिवळं पाणी, गाठी किंवा पू दिसला तर तो अख्खा पक्षी बाद, कलेजी फेकून बाकीचा विकायचा नाही.

चार माणसं सरावल्यावर पन्नास पक्षी साडेतीन-चार तासांत उरकतात.

पैसा बर्फावर घाला

बहुतेक गट आधी यंत्र घेतात आणि बर्फासाठी पैसे उरत नाहीत. हे उलटं करा. पिसं हातानं काढता येतात, मटण हातानं थंड करता येत नाही. कापल्यावर पक्षी ३८-४० अंश गरम असतो, तो चार तासांच्या आत ४ अंशांवर यायला हवा. किलोभर मटणाला किलोभर बर्फ आणि लिटरभर पाणी धरा. निव्वळ हिशेबानं मटणाला किलोमागे साडेतीनशे-चारशे ग्रॅम बर्फ पुरेल, पण जवळजवळ तेवढाच पाणी गार करण्यात जातो आणि उरलेला आपल्या उन्हाळ्यात वितळतो. पन्नास पक्ष्यांना म्हणजे ५० किलो बर्फ आणि दोनशे लिटरची थर्मोकोलची किंवा इन्सुलेटेड पेटी. बर्फ फोडून घाला, लादीभोवती पक्षी रचले तर मधले गरमच राहतात. तासाभरानं छातीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून बघा.

बर्फ कुठला, हेही विचारा. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा करून विकायचं बंधन आहे. निळा तर घ्यायचाच नाही, पण पांढरा दिसतो म्हणून पिण्याच्या पाण्याचाच असेल असंही धरू नका. कारखान्याचा अन्नसुरक्षा क्रमांक असलेली पावती मागा.

डीप फ्रीजर हे साठवायचं यंत्र आहे, थंड करायचं नाही. गरम पक्षी त्यात कोंबले तर बाहेरून गोठतात आणि आतून खराब होतात. आधी बर्फात, मग सहा-आठ तास ४ अंशांवर, मग फ्रीजरमध्ये, तेही एका दिवशी त्याच्या क्षमतेच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नाही. मधले सहा तास गाळले तर मटण चिवट होतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं कोंबडी म्हातारी होती.

उरलेलं

दीड किलोच्या ५० पक्ष्यांचं जिवंत वजन ७५ किलो. कातडीसकट साधारण ६८ टक्के मटण धरलं तर २४ किलो पिसं, रक्त, आतडी, मुंड्या कापण्याच्या दर दिवशी उरतात. केंद्र बंद पडायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, कारण वास सुटला की ना-हरकत दिलेली ग्रामपंचायतच तक्रार घेऊन येते. ओढ्यात टाकू नका, कुत्र्यांना घालू नका, बंदी असलेल्या थाई मंगूर माशांसाठी न्यायला येणाऱ्यालाही देऊ नका.

पाच बाय पाच फुटांचे, चार फूट उंच तीन हौद बांधा आणि वर जाळीचं झाकण ठेवा. तळाला फूटभर कुट्टी केलेलं पाचट किंवा लाकडाचा भुसा, मग एक घमेलं घाणीला तीन घमेली कोरडा माल, असे थर. रक्त भुश्यात कालवून घाला. वरचा थर नेहमी अर्धा फूट कोरडा हवा. दोन-तीन दिवसांत आत ५५ अंशांच्या वर उष्णता चढते आणि सलग तीन दिवस तरी ती टिकली पाहिजे. नसेल चढत तर ढीग कोरडा आहे किंवा लहान आहे. वास आणि माश्या आल्या तर ओला आहे, भुसा वाढवा. तीन आठवड्यांनी उलथा. पिसं सगळ्यात शेवटी कुजतात. हे खत ऊस आणि फळझाडांना घाला, कोथिंबीर-मेथीला नको.

धुण्याचं पाणी आधी चरबी अडवणाऱ्या दोन कप्प्यांच्या टाकीत जाऊ द्या. पुढे शोषखड्डा करायचा तर विहीर-बोअरपासून १५ मीटर लांब. काळ्या मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो, तिथे केळी-कर्दळीचा वाफा बरा. कोकणात जांभ्यातून पाणी भरभर खाली उतरतं, तिथे अंतर आणखी वाढवा.

काम संपल्यावर आधी साबणाच्या गरम पाण्यानं चरबी काढा, मग १० लिटर पाण्यात ८ ग्रॅम ब्लीचिंग पावडरचं पाणी दहा मिनिटं राहू द्या. चरबीवरच ओतलं तर क्लोरीन तिथेच संपतो.

भाव आणि तिथी

समजा जिवंत पक्षी २०० रुपये किलोनं पडला. कातडीसकट ६८ टक्के उतारा (जिवंत वजनातून निघणारं मटण) म्हणजे २०० भागिले ०.६८, म्हणजे २९४ रुपये. मजुरी, बर्फ, गॅस, वीज मिळून पक्ष्यामागे ४० रुपये धरले तर किलोला ३९ रुपये वाढतात. ३३३ रुपयांखाली विकलं तर तोटा. कातडी काढून उतारा ६० टक्क्यांवर आला की हाच आकडा ३७८ होतो. गिऱ्हाईक दोन्ही एकाच भावात मागतं, म्हणून दोन भाव पाटीवर लिहूनच ठेवा. तुमचा उतारा पहिल्या दहा बॅचचं वजन करून काढा, दुसऱ्याचा वापरू नका. काटा वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाकडून दर वर्षी पडताळून घ्या. सीलबंद पाकिटं करायची ठरवली तर त्यासाठी वैधमापनाची वेगळी नोंदणी लागते, त्यामुळे सुरुवातीला केंद्रावरच गिऱ्हाइकासमोर वजन करून विकणं सोपं पडतं.

रविवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस कापलं तर महिन्याला साडेसहाशेच्या आसपास पक्षी लागतात. दर तीन महिन्यांनी २०० पिल्लं आणणारे दहा शेतकरी असतील तर मर वजा जाता ते जवळजवळ भागतं, पण सगळ्यांनी एकदम पिल्लं आणली तर दोन महिने उपास आणि तिसऱ्यात गर्दी. पिल्लांच्या तारखा आठवड्याच्या अंतरानं वाटून द्या. अपवाद आखाडाचा. तेव्हा मागणी सगळ्यात जास्त असते आणि त्यासाठी पिल्लं मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला आणावी लागतात, म्हणजे ऐन उन्हात ब्रूडिंग (लहान पिल्लांना ऊब देऊन वाढवणं). शेडवर पाचट आणि दुपारी फॉगर (पाण्याचं धुकं फवारणारं यंत्र) याची तयारी आधीच हवी. श्रावण आणि मार्गशीर्षात तयार होतील अशी पिल्लं कमीच घ्या. श्रावणात ड्रमची रबरी बोटं बदला, हौद रिकामे करा, कामगारांची वर्षाची वैद्यकीय तपासणी उरकून घ्या.