घरासाठी पहिली रायफल: काडतूस कोणतं घ्यावं?

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी मंडळी घराच्या संरक्षणासाठी रायफल घेतात तेव्हा सगळा विचार बंदुकीचा होतो आणि काडतूस दुकानदार देईल ते घेतलं जातं. माझ्या मते हे उलटं आहे. आधी काडतूस ठरवा.

त्याहीआधी व्हिसा बघा. एच-१बी किंवा एफ-१सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक सोडाच, एक काडतूसही जवळ ठेवता येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. ग्रीन कार्डधारकाला ही आडकाठी नाही. राज्याचे नियम मात्र वेगळे असतात. इलिनॉयमध्ये काडतुसं घ्यायलाही राज्याचं ओळखपत्र लागतं.

आता उठून बेडरूमच्या भिंतीवर टकटक करा. पोकळ आवाज येतो ना? लाकडी सांगाडा आणि दोन्ही बाजूंना साधारण अर्ध्या इंचाचं ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा पातळ बोर्ड, बस्स. आपल्याकडच्या विटांच्या भिंतीची सवय असलेल्याला हे पटायला वेळ लागतो. माणसाला थोपवू शकणारी कुठलीही गोळी या भिंतीतून आरपार जाते. पलीकडे मुलं झोपत असतील, तर कुठल्या दिशेला गोळी कधीच झाडायची नाही, हे आजच घरभर फिरून ठरवा.

म्हणूनच ‘जितकं मोठं तितकं चांगलं’ हा हिशेब इथे चुकतो. .३०८ विंचेस्टर हे शिकारीचं उत्तम काडतूस, पण घरात धक्का जास्त आणि गोळी फार लांब जाते. नवख्यासाठी मी .२२३ रेमिंग्टन सुचवेन: धक्का कमी, सरावाची काडतुसं सहज मिळणारी. पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी सरावाला ठेवा. घरासाठी मऊ टोकाची किंवा पोकळ टोकाची, शरीरात पसरणारी गोळी घ्या. भिंत तीही भेदते, पण शरीरातून आरपार जाण्याचा धोका तुलनेने कमी.

काडतूस उलटं धरून बूड उजेडात बघा. पितळेवर गोल कोरलेली अक्षरं दिसतील. ती आणि रायफलच्या नळीवरचा शिक्का जुळला पाहिजे. ५.५६ नाटो हे .२२३च्याच मापाचं लष्करी काडतूस. त्याच्या रायफलीत .२२३ चालतं; .२२३च्या रायफलीत ५.५६ घालू नये, दाब वाढतो. खरी भीती .३०० ब्लॅकआउट या जाड गोळीच्या काडतुसाची. ते ५.५६च्याच मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या डबीत) बसतं, आणि ५.५६च्या रायफलीत झाडलं गेलं तर बंदूक हातात फुटू शकते. घरात दोन्ही ठेवूच नका.

निवडलेल्या काडतुसाची निदान शंभर तरी नेमबाजीच्या रेंजवर झाडून बघा. एकही अडकता कामा नये. कानांना संरक्षण हवंच. बंद खोलीत रायफलचा एक बारही कान कायमचा अधू करू शकतो. तेच काडतूस रोज भरू-काढू नका. गोळी पुंगळीत मागे दबते आणि दाब धोकादायक होतो.

बंदूक आणि काडतुसं कुलपात, किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी. आणि रेंजवर नेलेली बॅग मुंबईच्या प्रवासाला कधीही घेऊ नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस विमानतळावर सापडलं, तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.