कोलेस्टेरॉलची गोळी सुरू असताना घ्यायची काळजी
रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल आटोक्यात आल्याचे दिसताच गोळी स्वतःहून बंद करणे ही सर्रास होणारी आणि फार महागात पडणारी चूक आहे. कारण कोलेस्टेरॉलसाठी दिली जाणारी स्टॅटिन गटातील औषधे यकृतात होणारी कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखून धरतात आणि गोळी थांबली की काही आठवड्यांतच ते पुन्हा पूर्वीच्या पातळीकडे जाऊ लागते. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन व रोझुव्हास्टॅटिन दिवसातील कोणत्याही ठरावीक वेळी घेता येते, सिम्व्हास्टॅटिन मात्र रात्री घ्यावे. एखादी गोळी चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत.

खरी सावधगिरी लागते ती सोबत दुसरे औषध सुरू होते तेव्हा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा बुरशीसंसर्गावरच्या काही गोळ्या सिम्व्हास्टॅटिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण बरेच वाढवतात आणि त्यातून स्नायूंना इजा होऊ शकते. म्हणून नुसता घसा दुखतो म्हणून गेलात, तरी चालू गोळीची पट्टी डॉक्टरांसमोर ठेवावी, कारण ‘छोटी पांढरी गोळी’ एवढ्या वर्णनावरून औषध ओळखता येत नाही. सिम्व्हास्टॅटिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनसोबत ग्रेपफ्रूटचा (पपनसासारख्या आंबट-कडवट फळाचा) रसही टाळलेला बरा.

विशेष श्रम न करताही मांड्या किंवा दंड दुखू लागले, तर डॉक्टरांना लवकर कळवावे. त्यासोबत लघवी गडद तपकिरी होत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गर्भधारणेचा विचार असल्यास तो आधीच सांगावा. औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांत लिपिड प्रोफाइल (रक्तातील कोलेस्टेरॉल व इतर चरबीचे प्रमाण) तपासून घ्यावे.