कोकसाठी कोळशाचा साठा तपासताना या चुका टाळा

सोलापूरच्या जमिनीत कोळसा नाही, इथे पायाखाली बेसाल्टचा काळा पाषाण. तरीही फाउंड्रीवाले आणि भूशास्त्राचे विद्यार्थी मला विचारतात, "सर, हा कोळसा कोकला चालेल का?" कोक म्हणजे हवा न लागू देता कोळसा तापवून मिळणारं, लोखंडाच्या भट्टीत लागणारं टणक इंधन. विचारणाऱ्यांच्या हातात रिपोर्ट असतो आणि त्यात उष्मांकाभोवती पेनाने गोल केलेला असतो.

पहिली चूक तीच: उष्मांक पाहून कोकचा निर्णय घेणं. चंद्रपूर-वणीचा कोळसा वीजकेंद्राला चालतो, पण त्याचा कोक धरत नाही. कोकिंग कोळसा साधारण ३५० ते ५०० अंशांत मऊ होतो, फुगतो आणि पुन्हा घट्ट होताना कण एकमेकांना चिकटतात. ते पाहायला १ ग्रॅम भुकटी मुशीत ८२० अंशांवर तापवतात. जे बटणासारखं ढेकूळ तयार होतं, त्याच्या आकारावरून ० ते ९ असा स्वेलिंग नंबर देतात.

खरा घात नमुन्यात होतो. माझ्याकडे आलेला एक नमुना एप्रिल-मेच्या उन्हात व्हरांड्यात गोणपाटातच पडून राहिला. नंबर आला १. साठा बाद करायलाच निघालो होतो. मग त्याच थराचा ताजा, सीलबंद गाभा (ड्रिलने काढलेला दंडगोल नमुना) मागवला, तर ६! हवा लागली की कोळशाची चिकटण्याची ताकद जाते. म्हणून नंबर कमी आला तर आधी नमुना कधी काढला, कुठून काढला ते विचारा. उघड्यावर आलेल्या थराचा तुकडा घेऊच नका. ताज्या गाभ्यालाही शून्य मिळालं, तर जवळ आग्नेय खडक घुसलाय का बघा. झारखंडच्या झरिया कोळसाक्षेत्रात अशा भाजलेल्या कोळशाला झामा म्हणतात. त्याचा कोक होत नाही.

कच्च्या कोळशाची राख पाहून साठा नाकारू नका, धुऊन ती कमी करता येते. वेगवेगळ्या घनतेच्या द्रवात तरंगवून पाहा: किती राखेला किती माल हाती येतो? कोळशातली १० टक्के राख कोकमध्ये १३ च्या आसपास जाते. फॉस्फरसही कोकमध्येच उरतो आणि झोतभट्टीत लोखंडात उतरतो.

नंबर उत्तम, पण कोक ठिसूळ? राखेत लोह, चुना, अल्कली जास्त आहेत का तपासा. त्यांच्यामुळे कोक कार्बन डायऑक्साइडशी लवकर झिजतो. चाचणी-भट्टीत कोक करून २०० ग्रॅम घ्या, ११०० अंशांवर दोन तास त्या वायूत ठेवा, मग ड्रममध्ये ६०० फेरे द्या. १० मिलिमीटरहून मोठा भाग किती टक्के उरला, तो आकडा हातात आल्याशिवाय सौद्याची बोलणी सुरू करू नका.